आइसलँडच्या प्रवासासाठी बॅग कशी भरावी

आइसलँडला जायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या जाडजूड कोटाची, आणि बॅगेतली निम्मी जागा तिथेच संपते. ही खरेदी देशाच्या नावावरून केलेली असते. तिथल्या हवामानाचा विचार तिच्यामागे नसतो. उत्तर अटलांटिकमधील उबदार सागरी प्रवाहामुळे, 64 अंश उत्तर अक्षांशावर असूनही, राजधानी रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहते, म्हणजे तिथला हिवाळा मॉस्कोपेक्षा सौम्य असतो. जुलैत मात्र हे सरासरी तापमान जेमतेम 11 ते 12 अंशांपर्यंत चढते. अडचण निराळीच आहे. आइसलँड आणि ग्रीनलंड यांच्या दरम्यानच्या समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र जवळजवळ कायम ठाण मांडून असते आणि तिथून येणारी वादळे एकामागून एक या बेटावरून जातात. त्यामुळे एकाच दुपारी ऊन, आडवा पाऊस, गारा आणि पुन्हा ऊन असा क्रम लागू शकतो, आणि हिवाळ्यात तापमान शून्याच्या वरखाली घुटमळत असल्याने पडणारे पाणी कधी पाऊस, कधी हिम, तर कधी दोन्हींचा गारेगार चिखल असते. कोरडे हिम अंगावरून झटकून टाकता येते. पाणी कपड्यांत मुरते आणि अंगातली ऊब शोषून घेते.

म्हणून बॅगेत जाणाऱ्या प्रत्येक कपड्याबाबत दोनच प्रश्न विचारावेत: हा ओला झाला तरी ऊब देईल का, आणि याच्यातून वारा आत शिरेल का? या दोन प्रश्नांवर जाड लोकरी कोट, जीन्स, सुती स्वेटशर्ट, छत्री आणि पोंचो एवढ्या वस्तू एका दमात बाद होतात.

वाऱ्याचा हिशेब आकड्यांत पाहिला तर मनावर अधिक ठसतो. शून्य अंश तापमानात ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा सुटला की उघड्या त्वचेला उणे 7 अंशांइतकी थंडी जाणवते. पाच अंशांच्या साध्या, उन्हाळी वाटणाऱ्या संध्याकाळी तोच वारा असेल तर ती जाणीव शून्याच्या खाली जाते. तिथला हवामान विभाग वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद या एककात देतो, त्यामुळे अंदाजात ‘15’ हा आकडा पाहून आपल्याकडचा वाचक निर्धास्त होतो; त्याला 3.6 ने गुणले की तो ताशी 54 किलोमीटर होतो. हा गुणाकार निघण्यापूर्वीच अंगवळणी पाडून घ्यावा.

सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्या लोकांना पावसाची भीती वाटत नाही, आणि नेमका तिथेच त्यांचा अंदाज चुकण्याचा धोका असतो. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर चिंब भिजलो तरी हवा वीस अंशांच्या आसपास असते. चालत राहिले की अंग गरम राहते आणि ओला टी-शर्ट अंगावरच वाळतो. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरील व्हीक या गावी वर्षाला 2,000 मिलीमीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका पाऊस पडतो. पण तो बाराही महिने विभागून आणि चार-पाच अंशांच्या हवेत पडतो. तिथे भिजलेला माणूस चालत राहिला तरी गारठत जातो, कारण हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे 25 पट वेगाने वाहून नेते. पावसाळी ट्रेकची सवय उपयोगी पडते, पण त्या ट्रेकचे कपडे पडत नाहीत.

सर्वांत बाहेरचा थर सर्वांत आधी

पैसे मर्यादित असतील तर ते ज्या क्रमाने खर्च करावेत तो क्रम माझ्या मते असा आहे: आधी जलरोधक जॅकेट आणि पँट, मग बूट, त्यानंतर थर्मल, आणि काही उरलेच तर ऊबदार जाकीट. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात.

दुचाकीवर वापरला जाणारा प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, परंतु अंगाचा घामही आतच कोंडतो आणि अर्ध्या तासाच्या चढणीनंतर माणूस आतून भिजतो. जॅकेट असे हवे, की जे बाहेरचे पाणी अडवील आणि आतली वाफ बाहेर जाऊ देईल. लेबलवर जलरोधकतेचा आकडा मिलीमीटरमध्ये दिलेला असतो. तो किमान 10,000 असावा, आणि वसंत, शरद किंवा हिवाळ्यात जाणार असाल तर 15,000 ते 20,000 असलेला चांगला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या असाव्यात. कापड कितीही भारी असले तरी उघड्या शिवणीतून पाणी येतेच. टोपी जॅकेटलाच जोडलेली, पुढे ताठ किनार असलेली आणि दोरीने चेहऱ्याभोवती आवळता येणारी हवी, कारण सैल टोपी पहिल्याच झोतात मागे उडते. काखेत उघडणारी चेन असेल तर चढताना फार सोय होते. जॅकेट विकत घेताना आत स्वेटर घालूनच मापून पाहावे.

जलरोधक पँट हा बॅगेतला सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा कपडा आहे. पाऊस आडवा येत असल्याने मांड्या आणि गुडघे सर्वांत आधी भिजतात, आणि सेल्यालांड्सफॉससारख्या धबधब्याच्या मागून चालत जायचे असेल तर आकाश निरभ्र असतानाही तुषारांनी कंबरेखालचे सगळे कपडे ओले होतात. पोटरीपर्यंत बाजूने चेन उघडणारी पँट घ्यावी म्हणजे बूट न काढता ती चढवता येते. ज्या आई-काकू-मावश्यांना पँट वापरण्याची सवय नाही त्यांनाही ही गोष्ट आग्रहाने सांगावी: आत थर्मल, त्यावर नेहमीची चुडीदार आणि बाहेर ही पँट घातली की चालणे सुखाचे होते. साडीचा घोळ आणि सुती परकर एकदा भिजले की हॉटेलात परतेपर्यंत वाळत नाहीत.

छत्री आणि पोंचो घरीच ठेवावेत. छत्री उलटी होते आणि पोंचो डोक्यावरून वर उडून समोरचे दिसेनासे करतो. कड्याच्या काठावर हे धोक्याचे आहे.

हे सगळे नवे विकत घ्यायलाच हवे असे नाही. रेक्याविकमध्ये जलरोधक कपडे आणि बूट भाड्याने देणारी दुकाने आहेत, आणि पुण्या-मुंबईत डेकॅथलॉनसारख्या दुकानांत मध्यम किमतीत काम भागते. सह्याद्रीच्या पावसात पुढे अनेक वर्षे वापरता येईल हे लक्षात घेतले, तर चांगल्या जॅकेटवरचा खर्च मला योग्य वाटतो. जॅकेट जुने असेल आणि त्यावर पाण्याचे थेंब घरंगळण्याऐवजी कापड पाणी पिऊ लागले असेल, तर जलरोधक कपड्यांसाठी मिळणाऱ्या साबणाने ते धुऊन त्यावर नवा लेप द्यावा. कपडे मऊ करणारे द्रव मात्र त्याला कधीही लावू नये.

आतले थर

आतल्या कपड्यांचे काम दोन थरांत वाटून द्यावे. अंगालगत थर्मल असते आणि त्याने घाम त्वचेपासून दूर न्यायचा असतो. मेरिनो लोकरीचे थर्मल सर्वोत्तम, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धरूनही ओली लागत नाही आणि चार दिवस वापरली तरी तिला वास येत नाही. पॉलिएस्टरचे थर्मल स्वस्त असते, लवकर वाळते, पण त्याला घामाचा वास लवकर लागतो. आपल्या बाजारात मिळणारी बरीच ‘हिवाळी बनियन’ सुती मिश्रणाची असतात. ती उत्तर भारतातल्या कोरड्या थंडीला पुरतात, आइसलँडमध्ये पुरत नाहीत. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. आठ-दहा दिवसांसाठी थर्मलचे तीन जोड पुरे होतात. तिथली सुमारे 90 टक्के घरे भूगर्भातल्या गरम पाण्याने तापवली जातात, त्यामुळे रात्री धुतलेले थर्मल खोलीत टांगले की सकाळपर्यंत वाळते.

त्यावरचा थर ऊब धरून ठेवण्यासाठी असतो. त्यासाठी एक पातळ आणि एक जाड फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटर, पुरेसे आहे. पिसांचे डाउन जाकीट हलके असते आणि मुठीएवढे होते, पण भिजले की त्यातली पिसे गोळा होऊन ऊब संपते. कृत्रिम तंतू भरलेले जाकीट थोडे जड असले तरी ओले झाल्यावरही काही काम करते. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना दोन फ्लीस पुरतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये, विशेषतः उत्तर ध्रुवीय प्रकाशासाठी रात्री तासन्‌तास एका जागी उभे राहणार असाल, तर जाकीटही हवे.

एकच जाड कोट नेण्याऐवजी तीन पातळ थर नेण्याचे आणखी एक कारण असे की घरे, बस आणि उपाहारगृहे आतून चांगलीच तापलेली असतात. जाड कोटाखाली सुती शर्ट घालून आत-बाहेर करणारा माणूस आत घामेजतो आणि बाहेर पडताच तोच घाम गार पडतो. चढणीला लागण्यापूर्वी एक थर काढावा, थांबल्याबरोबर तो पुन्हा चढवावा. थंडी वाजेपर्यंत वाट पाहू नये.

स्वेटर मात्र इथून कमी न्यावेत. तिथे हाताने विणलेला, गळ्याभोवती गोलाकार नक्षी असलेला ‘लोपापेयसा’ मिळतो. आइसलँडच्या मेंढीच्या लोकरीत बाहेरचा लांब, पाणी झटकणारा तंतू आणि आतला मऊ, ऊबदार तंतू असे दोन प्रकार असतात, आणि हा स्वेटर दोन्ही मिळून बनतो. तो अंगाला किंचित टोचतो, म्हणून थर्मलवरून घालावा. किंमत बरीच असते. पण बॅगेत त्याच्यापुरती जागा रिकामी सोडून निघणे शहाणपणाचे आहे.

पाय, हात आणि डोके

बूट जलरोधक, घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि खाचदार तळाचे हवेत. हिमनदीवर नेणाऱ्या सहली काटेरी क्रॅम्पॉन स्वतःच देतात, पण ते बसण्यासाठी घोटा झाकणारा बूट लागतो. धावण्याच्या बुटांवर ते बसत नाहीत. माप घेताना जाड लोकरी मोजा घालून अर्धा नंबर मोठा घ्यावा, कारण बूट आवळला की रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे गार पडतात. एकावर एक दोन मोजे चढवून बूट घट्ट करणे याच कारणाने उलटे पडते. निघण्यापूर्वी किमान तीन-चार आठवडे हे बूट रोज घालून फिरावे. पर्वतीच्या पायऱ्या किंवा घराजवळची एखादी टेकडी यासाठी उत्तम. लोकरी मोज्यांचे चार-पाच जोड घ्यावेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात बुटांवर ओढून चढवायचे छोटे काटेरी रबरी पट्टेही हवेत, कारण रात्री गोठलेले पाणी सकाळी पायवाटांवर आणि वाहनतळांवर काचेसारखे होते. आजी-आजोबांसाठी तर मी ही वस्तू कोटापेक्षा महत्त्वाची मानतो. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत, हीटरला चिकटवून ठेवू नयेत.

हातांसाठी आत पातळ लोकरी मोजे आणि वर जलरोधक हातमोजे असा जोड न्यावा. फोटो काढताना वरचे काढले तरी आतले राहतात. लहान मुलांचे हातमोजे दोरीने बाहीतून ओवून ठेवावेत. डोक्याला कान झाकणारी घट्ट कानटोपी, आणि गळ्याला मफलरऐवजी नळीसारखा गोल पट्टा घ्यावा. मफलरची टोके वाऱ्यात उडत राहतात आणि हा पट्टा नाकापर्यंत ओढता येतो. घरातली जुनी माकडटोपी जॅकेटच्या टोपीखाली अगदी व्यवस्थित बसते, तिला लाजू नये. गॉगलही हवा: तिथला सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो आणि गाडी चालवताना थेट डोळ्यांत येतो.

गरम पाण्याचे तलाव

हा भाग आपल्याकडच्या याद्यांमध्ये बहुधा राहून जातो. जवळजवळ प्रत्येक गावात भूगर्भातल्या पाण्यावर चालणारा पोहण्याचा तलाव असतो आणि थंड दिवसाच्या शेवटी त्याच्यासारखे सुख नाही. पोहण्यासाठीच बनवलेल्या कापडाचा पोशाख न्यावा; सुती टी-शर्ट किंवा घरातली अर्धी चड्डी तिथे चालत नाही. ज्या स्त्रियांना अंग झाकलेले हवे असते त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे आणि गुडघ्यापर्यंतचे पोशाख भारतात सहज मिळतात, तेच घ्यावेत. तलावात उतरण्यापूर्वी पोशाख उतरवून साबणाने अंघोळ करणे बंधनकारक असते, कारण पाण्यात क्लोरीन फार कमी घालतात. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात, आणि ब्लू लगूनसारख्या ठिकाणी बंद दाराच्या खोल्याही मिळतात. हे आधीच ठाऊक असले म्हणजे ऐन वेळी संकोच होत नाही. ब्लू लगूनच्या पाण्यातील सिलिकाने केस राठ होतात, म्हणून तिथे कंडिशनर लावून केस वर बांधावेत.

चांदीचे दागिने घरीच ठेवणे उत्तम. नळाच्या गरम पाण्यात अनेक ठिकाणी गंधकाचा अंश असतो, आणि त्यात जोडवी, पैंजण, चांदीची साखळी काळी पडते. त्याच नळाचे थंड पाणी मात्र अतिशय शुद्ध असते. एक बाटली नेली की पाणी विकत घ्यावे लागत नाही.

खाणे, औषधे आणि बाकीचे

युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, पनीर आणि तूप यांना त्यामुळे बॅगेत स्थान नाही. चिवडा, चकली, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दडपे पोह्यांचे सामान या गोष्टी खुशाल न्याव्यात. राजधानीबाहेर शाकाहारी माणसाला जेवणाची फार निवड राहत नाही, पण अनेक गेस्टहाउसांत सामायिक स्वयंपाकघर असते. छोटा थर्मास अवश्य घ्यावा.

नेहमीची औषधे मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. वाऱ्याने ओठ आणि गाल फुटतात, त्यासाठी व्हॅसलीन हवे. वीज 230 व्होल्टची आहे, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, युरोपीय अ‍ॅडाप्टर लागतो. थंडीत मोबाईल आणि कॅमेऱ्याची बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. जून-जुलैमध्ये रात्री अंधारच पडत नसल्याने डोळ्यांवर बांधायची पट्टी लागते, आणि त्या दिवसांत मिव्हात्न तलावाकडे जाणार असाल तर चिलटांसाठी तोंडावरची जाळीही. डिसेंबरमध्ये रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड असतो, तेव्हा डोक्याला बांधायचा दिवा घ्यावा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या, किमान 30,000 युरो संरक्षणाच्या विम्याची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवावी.

भरणे आणि तिथे वापरणे

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे थर अंगावर चढवावेत, वर जॅकेट आणि पँट घालावी आणि बाथरूममधल्या शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहावे. मान, मनगटे किंवा चेनजवळ पाणी कुठे शिरते ते घरीच कळते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. याच वेळी वाकून, हात वर करून पाहावे. पाठ उघडी पडत असेल तर जॅकेट आखूड आहे.

भारतातून आइसलँडला जाताना वाटेत किमान एकदा विमान बदलावे लागते आणि अशा वेळी सामान मागे राहण्याची शक्यता असते. म्हणून बूट पायात, जॅकेट हातात, आणि एक थर्मलचा जोड, जलरोधक पँट, कानटोपी व हातमोजे विमानातल्या बॅगेत असावेत. एवढ्यावर पहिले दोन दिवस निभावतात. पॉवर बँकही तिथेच ठेवावी लागते आणि ती 100 वॉट-तासांच्या आतली असावी. मोठी बॅग शक्यतो मऊ कापडी घ्यावी, कारण भाड्याच्या गाडीची डिकी लहान असते. पाठीवरच्या पिशवीचे पावसाळी आवरण वाऱ्याने उडून जाते, त्यापेक्षा पिशवीच्या आतच जाड प्लॅस्टिकची मोठी थैली बसवून सगळे सामान तिच्यात भरावे.

तिथे पोहोचल्यावर दहा दिवसांचा अंदाज पाहण्यात अर्थ नाही. रोज रात्री आणि पुन्हा सकाळी आइसलँडच्या हवामान विभागाचे संकेतस्थळ पाहावे. ते इंग्रजीतही आहे आणि इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत देते. नारिंगी इशारा असेल त्या भागातला बेत बदलावा, कितीही आधी आरक्षण केलेले असले तरी. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. दिवसभरासाठी निघताना कोरड्या मोज्यांचा एक जोड, जादा हातमोजे, फ्लीस, खाणे आणि थर्मास डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेवावेत. गाडी थांबवताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तिचे तोंड करावे, कारण मागून आलेला झोत दार बिजागरीपासून उलटे वाकवतो आणि हे नुकसान गाडीच्या साध्या विम्यात सहसा धरले जात नाही. जॅकेटची चेन, टोपीची दोरी आणि हातमोजे हे सर्व गाडीत बसल्या बसल्या नीट करावे, आणि मगच एका हाताने दार घट्ट धरून ते हळूहळू उघडावे.